वन्सं रजेवर आल्या आहेत

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

बारावीनंतर हातात पेन धरलं ते बाजारातून आलेल्या फुलांच्या हिशेबपट्टीवर सही करण्यापुरतंच. पण करुणा मॅडम म्हणाल्या, घरी पेशंट येणार तर सांभाळणाऱ्यानं रोज चार ओळी लिहाव्यात. झोप कशी, जेवण कसं, गोळ्या घेतल्या का. त्यांना दाखवायला एक वही केलीय, तिच्यात तेवढंच लिहीन. ही दुसरी, खताच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी, माझी. हिच्यात वाट्टेल ते लिहीन आणि गव्हाच्या कोठीत ठेवीन. ह्यांनी आजवर गव्हाच्या कोठीत कधी हात घातलाय!

पेशंट म्हणजे आमच्या वन्सं, ह्यांची थोरली बहीण रंभा. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांचं डोकं फिरलं. सासरच्यांनी पोरं ठेवून घेतली आणि वन्संना माहेरी आणून सोडलं. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पुण्याच्या मोठ्या इस्पितळात घातलं. त्या बऱ्या होऊनही जमाना झाला. तिकडून फोन यायचे, आप्पा उचलायचे नाहीत. गावात सांगून ठेवलेलं, रंभा आळंदीला मठात सेवेला आहे.

आता करुणा मॅडम स्कूटीवरून वस्तीवर आल्या. मानसिक आजाराचं सरकारी काम त्यांच्याकडं आहे. ओसरीवर बसून आप्पांना म्हणाल्या, "बरं झालेल्या माणसाला इस्पितळात ठेवून घेणं आता कायद्यात बसत नाही, आप्पा. सरकारचं धोरणच आहे, माणसानं आपल्या माणसांत राहायचं. औषध तालुक्याला मिळेल, डॉक्टर महिन्यातून एकदा तिथं येतात."

आप्पा म्हणाले, "सरकारचं काय जातंय? सरकारच्या घरात हाय का लगनाची नात?"

शेवटी असं ठरलं की ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारपर्यंत वन्संना रजा. त्या दिवशी सगळ्यांनी दौंडला दवाखान्यात यायचं आणि सांगायचं, त्या इथं राहणार की पुण्याला बायकांच्या पुनर्वसन घरात जाणार. मी मान डोलावली. माझी मान कोण विचारतंय म्हणा.

२० ऑगस्ट, बुधवार

आल्या.

मी आपली मनात धरून होते, केस पिंजारलेली, डोळे फिरवणारी बाई येईल. आली ती पिकल्या केसांची, तेल लावून चापूनचोपून वेणी घातलेली किडकिडीत बाई. हातात कापडी पिशवी. उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "या की आत, वन्सं." तर म्हणतात, "चप्पल कुठं जमा करायची?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

अंघोळीला जाऊ का म्हणून विचारतात. चहाच्या वेळेला हातात पेला घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी ओळीत उभ्या राहतात. ओळ कसली, एकट्याच! गोळी दिली की गिळतात, मग आ करून जीभ वर उचलून दाखवतात. मी म्हटलं, "अहो मिटा तोंड, माशी जाईल." त्या हसल्या. दात छान आहेत वन्संचे, माझ्या लेकीसारखे, सृष्टीसारखे.

आप्पा दिवसभर तोंड फिरवून बसले होते. जेवताना मात्र ताटातून मान वर न करता म्हणाले, "तिला भाकरी वाढ अजून एक."

२४ ऑगस्ट, रविवार

भावकीतल्या सोजरबाई आल्याच. त्यांना वास येतो. ओसरीवर फतकल मारून म्हणाल्या, "संपली व्हय गं रंभे आळंदीची सेवा?"

वन्सं फुलांच्या काड्या बांधत होत्या. वर बघून सरळ म्हणाल्या, "सेवा न्हाई वं काकी, येड्यांच्या दवाखान्यात हुते. बरी झाले."

सोजरबाईंना चहाचा असा ठसका लागला की विचारू नका. आप्पा उठून गोठ्याकडं निघून गेले. इतक्या वर्षांची आळंदी एका वाक्यात बुडाली! मला खरं तर गंमत वाटली, पण हसायला ताकद लागते ती कुठनं आणू? हल्ली सगळ्याचाच कंटाळा येतो. पित्ताचा त्रास असणार. आमटीत मीठ दोनदा पडलं, हे नुसतं पाणी पीत राहिले.

करुणा मॅडमनी बजावून ठेवलंय की फवारणीची औषधं पेशंटच्या हाताला लागू देऊ नका. म्हणून त्या खोलीला कुलूप घातलंय आणि किल्ली माझ्या कमरेला. एक बरं झालं, आता दुपारी मी कुलूप काढून तिथं जरा टेकते. दगडी खोली, गार असते. कुणी हाक मारत नाही. सगळ्या बाटल्या नुसत्या ओळीनं उभ्या, त्यांना ना भाकरी लागते ना चहा. आज बाहेर आले तर वन्सं दारात. म्हणाल्या, "काय करत हुतीस गं?" मी म्हटलं, काही नाही, मोजत होते.

काय मोजत होते, मलाच माहीत नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरी जेवल्या. पुरणपोळीचा घाट, सोळा भाज्यांचा घाट, त्यात सृष्टी पुण्याहून आली नाही, कॉलेजात प्रॅक्टिकल. वन्संना मी काडी उचलू दिली नाही. माहेरवाशीण आहे, तिनं बसून खावं. त्या सारख्या म्हणतात, "मला दी की कायतरी काम." मी म्हटलं, "बसा. तुम्ही पाहुण्या आमच्या." तशा गप्प बसल्या, हात मांडीवर ठेवून, अगदी उभ्या केलेल्या गौरीसारख्या.

मला दोन घास गेले नाहीत. वासानंच पोट भरतं म्हणतात, तसं झालं असेल.

२ सप्टेंबर, मंगळवार

काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

आज गौरी जायच्या. दहीभात आणि मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य झाला. मग माझ्या मनात आलं, घरात खरीखुरी माहेरवाशीण आहे, इतक्या वर्षांत हिची ओटी कुणी भरली नसेल. नवऱ्यानं टाकलेली बाई, हिची कशी भरायची, असं सोजरबाई म्हणाल्याच. मी म्हटलं, माझं घर, माझा खण. वन्संना पाटावर बसवलं, दहीभात वाढला, हातावर कानवला ठेवला, खण-नारळानं ओटी भरली, पाया पडले. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंदानं.

तासाभरानं बघते तर बाई घरात नाही. पिशवी नाही. चप्पल नाही.  हे मोटारसायकल घेऊन एकीकडं, मी शेजारच्या पोरीच्या स्कूटीवर एकीकडं.

वरवंडला हायवेच्या कडेला, पुण्याकडच्या थांब्यावर बसलेल्या. मांडीवर पिशवी, पदरात तशीच ओटी, नारळ घट्ट धरलेला.

मी ओरडलेच. "कुठं निघालात? न सांगता निघायचं का असं?"

तर म्हणतात, "दहीभात झाला. कानवला दिलास. वटी भरलीस. मंग जायाचंच की गं. गौर काय सांगून जाती व्हय?"

आई गं! मी जीव लावायला गेले आणि बाईला वाटलं, तीन दिवस झाले, आता पाठवणी. चूक माझीच. लेकीला निरोप देतानाच हे सगळं करतात, हे मला कळू नये? मी तिथंच, ट्रकांच्या धुरात, त्यांच्या गळ्यात पडले आणि रडले. इतकी रडले की आजूबाजूचे लोक बघायला लागले. शेवटी त्याच माझी पाठ थोपटायला लागल्या. "पुरं गं पुरं. येते की घरी. किती दिसाचं साठवलं हुतंस?"

काय साठवलं होतं? मला काय धाड भरलीय! माणूस हरवलं होतं म्हणून रडले.

११ सप्टेंबर, गुरुवार

पाटसवरून एसटीनं दौंडला गेलो. डॉक्टर म्हणजे अगदी पोरगेलासा आहे, पण खुर्चीतून उठून वन्संना बसायला सांगितलं. त्यांची झोप, भूक, गोळ्या सगळं मी घडाघडा सांगितलं. गौरीचा प्रकारही सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्यांना पाहुणी करून ठेवू नका. घरच्या माणसाला काम असतं." वन्संनी माझ्याकडं असं बघितलं, बघ मी सांगत नव्हते?

निघताना करुणा मॅडम मला म्हणाल्या, "तुमची तब्येत बरी आहे ना? वाळलात." मी म्हटलं, फुलांचा सीझन आहे. खरंच आहे की. दसऱ्याचा झेंडू तोंडावर आलाय.

घरी आल्यावर आप्पांनी ठरलेलं बोलून टाकलं. दिवाळीत सृष्टीला बघायला न्हावऱ्याची मंडळी येणार. चांगलं घर आहे, शिरूर तालुक्यात नाव आहे. "त्येच्या आत रंभाला तिकडं पोचवायची. दवाखान्यात ईन आन् सांगंन. घरात येडी हाय म्हणून पोरीचं मोडलं तर कुणाच्या दारात जाऊ?"

हे मान खाली घालून बसले. मीही काही बोलले नाही. इथं खरं लिहायचं म्हणते तर लिहिते, माझ्याही मनात तेच आलं. मी सृष्टीची आई आहे. आणि वन्सं आतल्या खोलीत बसून मेथी निवडत होत्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं, हेही मला माहीत होतं. मला स्वतःची लाज वाटते. पण लाज वाटायचासुद्धा आता कंटाळा आलाय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी वन्संवर ओरडले. फार ओरडले.

कमरेची किल्ली गेली. सगळं घर पालथं घातलं. शेवटी विचारलं तर शांतपणे म्हणतात, "मी घेतली. सकाळी तू वेणी घालत हुतीस तवा. दत्ताला दिली."

"का म्हणून?"

"तुझ्या कमरंला नगं."

अहो, चोर तो चोर वर शिरजोर! ह्यांना विचारलं तर हे म्हणतात, "ताई म्हणाली, फवारणी तू करतोस तर किल्ली तुझ्यापाशी असावी. बरोबर हाय की." म्हणजे मॅडम सांगतात औषधं पेशंटपासून लांब ठेवा, आणि आमच्याकडं पेशंटच किल्ल्यांचा कारभार बघतो! मी म्हटलं, "ह्या घरात मला दुपारी टेकायला तेवढी एक जागा होती, ती पण तुम्हाला बघवली नाही का?" तोंडाला येईल ते बोलले. त्या नुसत्या ऐकत राहिल्या. रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्तच राग आला.

तशी सारखी मागंमागं असते बाई. आज शेततळ्याच्या कडेला जरा बसले, तर ह्या हजर. "चल अनू, च्या करू." मी म्हटलं आत्ताच झाला. "परत करू." मी म्हटलं मला पाणी बघत बसायचंय. तर शेजारी फतकल घालून बसल्या. "मंग मी बी बघते." आणि हात धरून ठेवला माझा, जत्रेत पोराचा धरतात तसा. करुणा मॅडमच्या वहीत लिहिलं, पेशंट एकटी राहत नाही, सारखी कुणाला तरी चिकटून असते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काही लिहिण्यासारखं नाही. पाऊस आहे. झेंडू भिजतोय.

आई आठवते. ती गेल्यापासून माहेरच्या, शिरूरच्या गाडीत बसावंसंच वाटलं नाही. कुणासाठी जायचं?

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा. आज वर्षातला सगळ्यात मोठा तोडा आणि मी अंथरुणातून उठू शकले नाही.

ताप नाही, काही नाही. अंग म्हणून उचललंच जाईना. तोडणीच्या बाया येऊन अंगणात उभ्या, हे हाका मारतायत, आणि मी भिंतीकडं तोंड करून पडलेली. मग बाहेर वन्संचा आवाज ऐकला. "चला गं बायांनो. वल्लं फूल येगळं, कोरडं येगळं. देठ आखूड ठिवू नका." लहानपणापासून केलेलं काम, विसरतंय कुठं? सगळा माल त्यांनीच काढून घेतला, क्रेट भरले, ह्यांचा पिकअप पुण्याला गुलटेकडीच्या बाजाराला वेळेत निघाला. आप्पा बांधावर उभे राहून बघत होते म्हणे. मग पाण्याची कळशी स्वतः नेऊन दिली.

मग वन्सं आत आल्या. हातापायाला चिखल, केसांत पाकळ्या. पेजेची वाटी घेऊन माझ्या उशाशी बसल्या आणि चमच्यानं भरवायला लागल्या. मी म्हटलं, "अहो, आजारी तुम्ही का मी?"

"खा तू," म्हणाल्या.

त्या एवढं करतायत आणि मी आठ दिवसांनी त्यांना पोचवायला जाणार. 

५ ऑक्टोबर, रविवार

आज आप्पांनी वन्संना सांगितलं. मला वाटलं होतं रडतील, पाया पडतील. तसं काही नाही. एवढंच म्हणाल्या, "आन् अनूला कुणाच्या भरवशावर ठिवू?"

आप्पा कपाळावर हात मारून म्हणाले, "बघा. म्हणून म्हणतो."

मलाही तेच वाटलं. म्हणजे पुन्हा सुरू झालं की काय? मी काय तान्हं बाळ आहे कुणाच्या भरवशावर ठेवायला?

सृष्टीचा फोन आला होता. तिला ह्यांनी सांगितलेलं दिसतंय. म्हणाली, "मम्मी, ज्या घरात माझी आत्या चालत नाही, तिथं मी कशी चालेन? आणि तुझा आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, रेंज नाही.

वन्संनी पिशवी भरून दाराशी ठेवलीय. आत काय असणार, दोन लुगडी आणि गौरीतला खण.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं आजच लिहिणार.

सगळे गेलो. वन्संनी पिशवी मांडीवर धरली होती, आप्पा नवीन टोपी घालून आले होते. डॉक्टर आणि करुणा मॅडम समोर. आप्पांनी सुरुवातच केली, "घेऊन जा मॅडम. आमच्यानं न्हाई व्हायचं. सुनंकडं बघा, हिच्या पायी पार सुकून गेली."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "अनुपमाताई, रोज तुम्ही सांभाळता. तुम्ही सांगा. झोप कशी आहे?"

मी सुरू झाले. "झोप चांगली आहे. नऊला झोपतात ते..."

"त्यांची नाही हो. तुमची."

 एवढा साधा प्रश्न, आणि कुणी मारल्यासारखं पाणी आलं डोळ्यांत. तेवढ्यात वन्सं उठून उभ्या राहिल्या. इस्पितळात उभं राहून बोलायची सवय असेल. "डाक्टर, आज हिला बघा आधी. मी येण्याआधीपासनंच हिचं बिघडलंय, मला पहिल्या दिवशीच दिसलं. ही जेवत न्हाई, ताटात भाकरी कुस्करती आन् गाईला घालती. औषधाच्या खोलीत दार लावून बसायची, म्हणून किल्ली काढून घेतली. तळ्याकडं एकटी जाती, म्हणून मी मागं जाते. मला येडी म्हणत्यात, म्हणू द्या. पण हिला एकटीला सोडून मला नेऊ नका हो. मी न्हाई जायाची."

ह्यांच्या हातातली गाडीची किल्ली खाली पडली. मी वन्संकडं बघतच राहिले.

डॉक्टर माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. हळूच म्हणाले, "ताई, कधी वाटतं का, की आता नको, संपवावं?"

मी "छे" म्हणणार होते. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "व्हय."

हे मी ह्या डायरीतसुद्धा लिहिलं नव्हतं. लिहिलं नाही म्हणजे नाहीच, असं वाटत होतं. त्या गार खोलीत मी काय मोजत होते ते मला आज कळलं. आणि रोज मागंमागं येणारी, माझा हात धरून पाण्याकडं बघत बसणारी बाई मला जगवत होती, आणि मी तिच्यावर ओरडत होते.

मग मी रडले आणि कुणी गप्प कर म्हणालं नाही. हेही रडले. डॉक्टर म्हणाले हा आजार आहे, बीपीचा असतो तसा, आणि ह्याला औषध आहे. कुणाच्या पायी झालेला नाही, वन्संच्या पायी तर मुळीच नाही. गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांनी बोलावलंय. मॅडमनी एक सरकारी फोन नंबर दिला, केव्हाही उचलतात म्हणे. आणि ह्यांना सांगितलं की किल्ली तुमच्याकडंच राहू द्या, त्यांना एकटं सोडू नका.

मग मॅडम वन्संना म्हणाल्या, "रंभाताई, निर्णय तुमच्याबद्दलचा आहे आणि तुम्हाला कुणी विचारलंच नाही. तुम्हाला कुठं राहायचंय?"

वन्सं गोंधळल्या. असं कुणी विचारलं नसणारच. पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "घरी. ही बरी हुईस्तोर तर ऱ्हातेच. फुडं बी ऱ्हायचंय. माझंच हाय की ते घर."

मॅडमनी आप्पांकडं बघितलं. आप्पा उठले आणि टोपी हातात घेऊन बाहेर निघून गेले.

आम्ही आलो तर ते पिकअपमध्ये बसलेले. वन्सं पिशवी घेऊन खालीच उभ्या, चढावं की नाही कळेना. आप्पा म्हणाले, "बस की." एवढंच. गाडी पाटसपर्यंत आली. मग काचेतून बाहेर बघत म्हणाले, "एकीचं दुखणं वळखलं न्हाई, म्हणून घराबाहेर काढली. दुसरी डोळ्यांम्होरं वाळत हुती, ती बी दिसली न्हाई. आन् म्हणं मी घरातला कारभारी." त्यांचा आवाज फाटला होता. वन्संनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्यांनी काढला नाही.

पण राहा, असं काही तोंडानं म्हणाले नाहीत. मॅडमना काय सांगायचं ते सोमवारपर्यंत कळवा, असं ठरलंय.

११ ऑक्टोबर, शनिवार

गोळीनं गुंगी येते. डॉक्टर म्हणाले होते, थोडे दिवस येईल, मग जाईल. वन्सं म्हणतात, "माझं बी तसंच हुतं. पडून ऱ्हा गपचिप." स्वयंपाक त्यांनी केला, आमटीला चव होती. अर्धी भाकरी खाल्ली मी, मोजून मापून नाही, भूक लागली म्हणून.

दुपारी खाटेवर पडले होते. ओसरीवर सोजरबाईंचा आवाज आला. परवा दौंडला गेलेली गाडी त्यांनी बघितली नसेल तर नवलच.

"हौसराव भाऊजी, खरं का वं ते? सुनंला बी डोक्याच्या डाक्टराकडं नेली म्हणं? दिवाळीला न्हावऱ्याचे पावणे यायचेत, त्येंना काय सांगनार? घरात नेमकं कोण आजारी हाय म्हणून?"

 आता आप्पा काय सांगतील? पित्त सांगतील. अशक्तपणा सांगतील. मला शिरूरला पाठवतील आणि वन्संना परत आळंदीला.

आप्पा खाकरले. मग चांगल्या मोठ्या आवाजात, अगदी रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाले, "दोघी. माझी लेक बी आन् माझी सून बी. दोघींला औषध चालू हाय, आन् दोघी बी हितंच ऱ्हानार. पावण्यांना मीच सांगनार हाय. ज्येला पटंल त्यानं पोरगी बघावी, न पटंल त्यानं च्या पिऊन जावं."

 थोड्या वेळानं कपबशीचा आवाज झाला. वन्सं चहा देत असणार, सोजरबाईंनासुद्धा.

मी भरदुपारी पांघरूण ओढून घेतलं आणि झोपले.